‘गोंदियाला न्या’

गोंदिया शहरात ऑटोवाल्याला ‘गंगाबाई’ एवढंच सांगितलं तरी पुरतं. बाई गंगाबाई स्त्री रुग्णालय हे पूर्ण नाव सरकारी कागदावर असतं. लोकांच्या तोंडी ती गंगाबाई. सालेकशाच्या जंगलपट्ट्यातून, देवरीच्या महामार्गावरून, अर्जुनी मोरगावच्या धानपट्ट्यातून अडलेल्या बाया इथं येतात. बाघ नदी ओलांडून मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यातून येतात आणि छत्तीसगडच्या सीमेवरच्या गावांतूनही येतात. दुखणाऱ्या पोटाला राज्याची सीमा ठाऊक नसते. या रुग्णालयाच्या दारात उतरणाऱ्या कितीतरी बायांनी त्याआधी एक किंवा दोन दवाखाने पाहिलेले असतात, आणि तिथून निघताना त्यांच्या घरच्यांनी एकच वाक्य ऐकलेलं असतं: ‘गोंदियाला न्या.’

या लेखात मला त्या वाक्याबद्दल सांगायचं आहे. बाईला ते कुठल्या क्षणी ऐकवलं जातं, ऐकवल्यानंतर तिच्यासोबत कोण निघतं, आणि गोंदियाला पोचेपर्यंत तिच्या व पोटातल्या बाळाच्या वाट्याचा किती वेळ उरतो, यावर जिल्ह्यातल्या बाळंतपणाचा दर्जा ठरतो. बाकीचं बरंचसं इमारतींचं आणि उद्घाटनांचं आहे.

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा होऊन गोंदिया जिल्हा झाला. गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव हे त्याचे आठ तालुके. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १३ लाख २२ हजार, आणि दर हजार पुरुषांमागे ९९९ स्त्रिया. मुलगी नकोशी असलेल्या महाराष्ट्रातल्या अनेक सधन जिल्ह्यांनी या आकड्याकडे पाहून मान खाली घालावी. दहातली आठ माणसं खेड्यात राहतात, धान पिकवतात, मोहफुलं वेचतात, उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडतात. २०१६ मध्ये गोंदियात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. कुंवर तिलकसिंह सामान्य रुग्णालय आणि गंगाबाई ही दोन्ही रुग्णालयं त्याला जोडली गेली. जिल्ह्याच्या एका टोकाला तज्ज्ञांचं बळ एकवटलं, आणि दुसऱ्या टोकापासूनचं अंतर होतं तेवढंच राहिलं.

आधी जे चांगलं झालं ते मोकळेपणानं सांगायला हवं. २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात १०० पैकी ६५ बाळंतपणंही दवाखान्यात होत नव्हती. २०१९-२१ च्या पाहणीत हे प्रमाण ९४.७ टक्क्यांवर गेलं. २००४-०६ मध्ये राज्यात दर एक लाख जिवंत जन्मांमागे १३० मातांचा मृत्यू होत होता. २०१८-२० मध्ये हा आकडा ३३ झाला. देशाचा आकडा त्याच काळात ९७ होता. एका पिढीत झालेला हा बदल लहान नाही. उन्हातान्हात गर्भवतींच्या नोंदी घेत फिरणाऱ्या नर्सबाई, रात्री दीड वाजता रुग्णवाहिकेसाठी एकशेदोनला फोन लावून बाईसोबत गाडीत बसणाऱ्या आशाताई, वजनकाटा घेऊन बसलेल्या अंगणवाडी सेविका यांनी तो घडवला. जननी सुरक्षा योजनेतून खेड्यातल्या गरीब, दलित, आदिवासी बाळंतिणीला मिळणारे ७०० रुपये त्यामागे होते, आणि २०११ पासूनचा जननी-शिशू सुरक्षा कार्यक्रमही होता. या कार्यक्रमानं सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त, जेवण आणि घरी परत सोडणारी गाडी हे सगळं मोफत केलं.

म्हणजे बाई घरातून निघाली. ती दवाखान्यात पोचलीही. आता प्रश्न आहे तो तिथं तिला काय मिळतं याचा.

हा प्रश्न एकट्या गोंदियाचा नाही. आरोग्यसेवेच्या दर्जावर ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या जागतिक आयोगानं २०१८ मध्ये अहवाल दिला. कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत, उपचारांनी टळू शकले असते असे वर्षाला ८६ लाख मृत्यू होतात, असा त्यांचा हिशेब होता. त्यातले ३६ लाख लोक दवाखान्यापर्यंत पोचलेच नव्हते. उरलेले ५० लाख पोचले होते. त्यांना मिळालेली सेवा कमी दर्जाची होती. पोचून मेलेले न पोचता मेलेल्यांपेक्षा जास्त, हे वाचताना मला गोंदियाचा रस्ता दिसतो.

त्याच्या आदल्या वर्षी उत्तर प्रदेशातल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले होते. २४ जिल्ह्यांतल्या १२० आरोग्य केंद्रांत, दीड लाखाहून जास्त बाळंतपणांमध्ये, सुरक्षित प्रसूतीसाठीची एक तपासयादी वापरून पाहिली गेली: हात धुतले का, रक्तदाब घेतला का, बाळंतपणानंतर लगेच रक्तस्राव रोखणारं इंजेक्शन दिलं का, बाळ आईच्या अंगाला लावलं का. प्रशिक्षक जाऊन बसले, नर्सेसनी काम सुधारलं, ते मोजलंही गेलं. तरी माता आणि बाळांचे मृत्यू कमी झाले नाहीत. याचा अर्थ तपासयादी वाया गेली, असा मी लावत नाही. हात धुणं, रक्तदाब घेणं हवंच. पण बाळ आडवं आल्यावर शस्त्रक्रिया करणारे हात, रक्ताची पिशवी आणि भूलतज्ज्ञ यांच्या जागी कुठलीही यादी उभी राहू शकत नाही. दर्जा म्हणजे नर्सची शिस्त आणि तिच्या मागे उभी असलेली यंत्रणा, दोन्ही.

आता वाट पाहू. सालेकसा तालुक्यात दरेकशाच्या पलीकडचं, जंगलातलं एखादं गाव धरू. ऑगस्ट आहे, रोवणीचे दिवस. नववा महिना भरत आलेली बाई परवापर्यंत चिखलात वाकून परे रोवत होती, कारण मजुरी बुडवणं परवडत नाही. संध्याकाळी डोकं दुखायला लागतं, डोळ्यांसमोर अंधारी येते, पायावर सूज आहे. हे वाढलेल्या रक्तदाबाचं लक्षण आहे, पण घरात त्याला थकवा म्हणतात. रात्री झटका येतो. कुणी अंगात आलं म्हणतं, कुणी गाडी बोलवा म्हणतं. आशाताई धावत येते, फोन लागण्यासाठी गावाबाहेरच्या चढावर जाते. गाडी येते. प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्स आणि डॉक्टर असले, मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन असलं आणि ते देण्याचा त्यांना धीर असला, तर निम्मी लढाई तिथंच जिंकता येते. पहिला डोस देऊन मग बाईला पुढं पाठवायचं असतं. पण मूल काढायचं तर शस्त्रक्रिया हवी, त्यासाठी मोठं रुग्णालय हवं. सालेकशाच्या ग्रामीण रुग्णालयातून आमगाव, आमगावातून गोंदिया. वाटेतल्या प्रत्येक थांब्यावर नवा माणूस तीच विचारपूस करतो, नवा कागद लिहितो.

या वाटेवर कुणीही बेजबाबदार वागत नाही, आणि मला सर्वांत जास्त बोचतं ते हेच. प्रत्येकानं नियमाप्रमाणं केलं. उपकेंद्राच्या नर्सनं बरोबर ओळखलं, पीएचसीच्या डॉक्टरनं बरोबर पाठवलं, ग्रामीण रुग्णालयानं ‘इथं भूलतज्ज्ञ नाही’ असं खरं ते लिहिलं. सगळे कागद बिनचूक, आणि बाई पहाटे गोंदियाच्या दारात. बाळंतपणानंतर जोराचा रक्तस्राव सुरू झालेल्या बाईला उपचार मिळाले नाहीत, तर दोन तासांत ती जाऊ शकते. दोन तासांत जिल्ह्याच्या दक्षिण टोकावरच्या केशोरीहून कुठवर जाता येतं?

आरोग्य खात्याच्या भाषेत ‘प्रथम संदर्भ केंद्र’ नावाची एक पायरी आहे. तिथं चोवीस तास सिझेरियन व्हायला हवं, रक्त साठवलेलं हवं आणि आजारी नवजात बाळाला सांभाळता यायला हवं. त्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ ही तिन्ही माणसं एकाच वेळी, एकाच ठिकाणी लागतात. यातलं एक जरी गावाबाहेर असलं तरी उरलेल्या दोघांना बाईला पुढं पाठवण्यावाचून गत्यंतर राहत नाही. सर्वांत दुर्मीळ असतो भूलतज्ज्ञ. तो नसला की लखलखीत शस्त्रक्रियागृहाला कुलूप लागतं. सरकारनं खासगी तज्ज्ञांना दर शस्त्रक्रियेमागे मोबदला देऊन बोलावण्याची सोय केलेली आहे. गोंदियासारख्या शहरात ती चालते, पण देवरी तालुक्यातल्या चिचगडला रात्री दोन वाजता कुठून बोलावणार?

जंगलपट्ट्यातल्या प्रत्येक पीएचसीत शस्त्रक्रिया व्हावी, असा आग्रह मी धरणार नाही. तो खोटा आग्रह ठरेल. एवढे तज्ज्ञ नाहीत, आणि महिन्यात दोन सिझेरियन करणाऱ्या हाताची सफाईही टिकत नाही. पण आठ तालुक्यांच्या जिल्ह्यात पूर्वेला देवरी, दक्षिणेला अर्जुनी मोरगाव आणि पश्चिमेला तिरोडा या तीन ठिकाणी रात्रंदिवस, सणासुदीला, पावसापाण्यात शस्त्रक्रिया, रक्त आणि बाळाची काळजी मिळालीच पाहिजे. मिळते की नाही हे फलकावरून कळत नाही. गेल्या महिन्यात रात्री आठ ते सकाळी आठ या वेळात इथं किती सिझेरियन झाली, या एकाच प्रश्नानं ते कळतं. अर्जुनी मोरगावपासून गोंदिया सत्तर-ऐंशी किलोमीटर. त्या भागातले लोक अडल्यावर गोंदियाकडे तोंड करण्याऐवजी जिल्हा सोडून वडसा, ब्रह्मपुरीकडे जातात. खिशात पैसे असले तर खासगीत जातात, नसले तर आधी उसने घेतात आणि मग जातात. सरकारच्या नोंदीत त्या बाईचं बाळंतपण सुखरूप झालेलं असतं. घरात तिचा बैल विकलेला असतो.

एक गोष्ट तर पैशाशिवाय होण्यासारखी आहे. बाई निघण्याआधी वरच्या रुग्णालयाला एक फोन: ‘अमुक बाई, इतके महिने, झटका आलेला, इंजेक्शन दिलंय, रक्तगट हा, तासाभरात पोचेल.’ तो फोन घेणारा माणूस तिकडे नेमलेला असला, तर बाई दारात उतरेपर्यंत टेबल तयार राहतं. चिठ्ठी हातात देऊन पाठवणं आणि सांगून पाठवणं यात कधी कधी एका जिवाचं अंतर असतं.

शहरात आणि खेड्यात काय फरक, असं विचारलं की आपण पटकन म्हणतो, शहरात चांगलं, खेड्यात वाईट. मला तसं वाटत नाही. दोन्हीकडच्या उणिवा वेगळ्या आहेत.

खेड्यात बाईला ओळखणारं माणूस असतं. तिची पाळी कधी चुकली, पहिलं बाळ का गेलं, नवरा पितो का, सासू जेवू घालते का, हे आशाताईला ठाऊक असतं. या ओळखीला शास्त्राची जोड दिली तर काय होतं, हे गोंदियाच्या दक्षिणेला लागून असलेल्या गडचिरोलीनं जगाला दाखवलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं १९९३ पासून तिथल्या ३९ गावांत काम केलं आणि ४७ गावांशी त्याची तुलना केली. गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायांना नवजात बाळाची काळजी शिकवली: बाळाला ऊब देणं, जन्मल्यावर रडलं नाही तर श्वास देणं, वजन करणं, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखणं आणि त्यावर औषध देणं. हजार जन्मांमागे ६२ नवजात मृत्यू होत असत, ते सुमारे २५ वर आले. १९९९ च्या डिसेंबरमध्ये ‘लॅन्सेट’नं हा अभ्यास छापला. पुढं २०११ पासून देशभरातल्या आशांच्या हाती हेच काम आलं. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जाऊन तपासायचं. बाळ घरीच जन्मलं तर पहिल्या दिवशीही. या साऱ्या भेटींचा मोबदला २५० रुपये ठरला. गडचिरोलीच्या जंगलात जन्मलेली ही पद्धत गोंदियाच्या खेड्यांत तिसऱ्या दिवशी बाळाला तागडीत घालते, याचा मला अभिमान वाटतो. पण त्या २५० रुपयांची लाज वाटते. मानधन वाढावं म्हणून राज्यातल्या आशांना २०२४ च्या सुरुवातीला आठवडेच्या आठवडे आझाद मैदानात बसावं लागलं, तेव्हा मार्चमध्ये ५,००० रुपयांची वाढ मंजूर झाली.

या भेटींना आपल्या रीतीतूनच एक भोक पडतं, आणि त्याबद्दल फारसं बोललं जात नाही. पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं की मुलगी माहेरी येते. तिची नोंद सासरच्या आशाकडे, लोह-कॅल्शियमच्या गोळ्या सासरच्या उपकेंद्रातून, सोनोग्राफी तिसऱ्याच गावी. माहेरच्या आशाच्या वहीत तिचं नाव उशिरा चढतं किंवा चढतच नाही. मग सव्वा महिन्यानं ती बाळ घेऊन परतते तेव्हा दोन्ही गावांच्या आशांना वाटतं, दुसरीनं पाहिलं असेल. माता-बाल संरक्षण कार्ड याच कारणासाठी आहे. ते पेटीच्या तळाशी जातं, किंवा सासरीच राहतं. लेकीला आणायला जाणाऱ्या बापानं ते कार्ड मागून घ्यावं आणि गावात पोचल्यावर पहिल्याच दिवशी आशाताईच्या हातात द्यावं. हा रिवाज आपल्याला सहज पाडता येईल.

पूर्व विदर्भातल्या बाळंतपणाला आणखी एक पदर आहे, जो पुण्या-मुंबईच्या डॉक्टरला कधी कधी सुचतही नाही: सिकलसेल. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा हा आनुवंशिक आजार गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर या पट्ट्यात आदिवासी आणि दलित समाजांत मोठ्या प्रमाणावर आढळतो. वाहक असलेली बाई बहुधा धडधाकट दिसते. पण जिला आजार आहे तिच्यासाठी गर्भारपण जोखमीचं असतं. सांधे आणि हाडं असह्य दुखतात, छातीत गुंतागुंत होते, रक्तदाब वाढतो, बाळाचं वजन कमी भरतं. अशा बाईची लाली कमी दिसली म्हणून नुसत्या लोहाच्या गोळ्या वाढवून भागत नाही. तिला फॉलिक ॲसिड हवं, भरपूर पाणी हवं, थंडी आणि श्रमांपासून जपणं हवं, बाळंतपणासाठी रक्त आधीच राखून ठेवायला हवं. आणि जागा ठरवायला हवी ती मोठ्या रुग्णालयाची, कळा सुरू व्हायच्या आत. पती-पत्नी दोघेही वाहक निघाले तर दर गर्भधारणेत बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. म्हणून तिच्याबरोबर नवऱ्याचीही तपासणी हवी. नवरा तपासायला येत नाही, हे इथल्या नर्सचं जुनं दुखणं आहे. १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आणि २०४७ चं लक्ष्य ठरलं. गोंदियात या मोहिमेची खरी कसोटी गर्भवतीच्या पहिल्या तपासणीच्या टेबलावर आहे. रक्तगट, हिमोग्लोबिन, सिकलसेल, तिन्ही एकाच सुईत व्हायला हवं, आणि निकाल तिच्या कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहायला हवा.

त्यात भर म्हणून राज्यातल्या निम्म्याहून अधिक स्त्रिया मुळातच रक्तक्षयी आहेत. २०१९-२१ च्या पाहणीत हे प्रमाण ५४.२ टक्के होतं. जंगलपट्ट्यात हिवताप आहे, आणि गर्भवतीचा हिवताप बाळाचं वजन खातो. रक्त मुळातच कमी असलेल्या बाईला, धडधाकट बाईनं सहज सोसला असता एवढा रक्तस्रावही जीव घ्यायला पुरतो. आदिवासी गावांत गर्भवतींना दिवसातून एक वेळचं पूर्ण जेवण देणारी अमृत आहार योजना आहे. तिचा खरा उपयोग रोवणीच्या आणि तेंदूपत्त्याच्या दिवसांत व्हायला हवा, पण नेमक्या त्याच दिवसांत बाई दुपारी अंगणवाडीत नसते, बांधीत किंवा जंगलात असते. डबा तिच्याकडे गेला पाहिजे.

आता शहराकडे येऊ. गोंदिया शहराची वस्ती २०११ मध्ये १ लाख ३३ हजारांच्या आसपास होती. राइस मिलमध्ये काम करणारी, विड्या वळणारी, धुणीभांडी करणारी बाई गंगाबाईपासून दोन किलोमीटरवर राहते. तिच्यासाठी अंतर हा प्रश्न नाही. तिला ओळखणारं कुणी नाही, हा आहे. भाड्याची खोली वर्षाला बदलते, शहरातली आशा कमी आणि वस्ती दाट. गर्भारपणात ती एकदा सरकारीत, दोनदा खासगी सोनोग्राफीला, एकदा औषधाच्या दुकानात जाते. कुठल्याच कागदावर तिचा पूर्ण इतिहास नसतो. कळा आल्या की रुग्णालय गाठते. तिथं खेड्यांतून पाठवलेल्या अवघड बायांची गर्दी असते, म्हणून साधं बाळंतपण झालेल्या शहरातल्या बाईला लवकर घरी जावंसं वाटतं, आणि रुग्णालयालाही खाट मोकळी हवी असते. जननी-शिशू कार्यक्रमात साध्या बाळंतपणानंतर तीन दिवसांचं आणि सिझेरियननंतर सात दिवसांचं जेवण मोफत आहे. त्या हिशेबात ४८ तास तरी देखरेखीखाली राहणं धरलेलं आहे. बाळंतिणींचे बरेचसे मृत्यू पहिल्या दिवसा-दोन दिवसांतच होतात. लवकर सुटका म्हणजे सोय नव्हे.

थोडे पैसे असलेली शहरी बाई खासगीत जाते. तिच्या वाट्याला वेगळी जोखीम येते. २०१९-२१ च्या पाहणीत देशभरात सरकारी दवाखान्यातल्या १०० बाळंतपणांपैकी १४ सिझेरियन होती, खासगीत ४७. लोकसंख्येच्या पातळीवर सिझेरियनचं प्रमाण दहा टक्क्यांच्या वर नेल्यानं मातांचे आणि नवजात बाळांचे मृत्यू आणखी कमी होत असल्याचं दिसत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये म्हटलं होतं. दरेकशाच्या बाईला हवी असताना शस्त्रक्रिया मिळत नाही, आणि शहरातल्या बाईवर नको असतानाही होते. दोन्ही प्रसंगी निर्णय बाईच्या गरजेवर झालेला नसतो.

बाळाचंही असंच. जन्मानंतरचं पहिलं मिनिट, पहिला तास, पहिला आठवडा हे तीन टप्पे. पहिल्या मिनिटात न रडलेल्या बाळाला पिशवी-मास्कनं श्वास द्यायचा असतो. तिथं मशीनपेक्षा सराव झालेले हात लागतात. पहिल्या तासात आईचं दूध. २०१९-२१ च्या पाहणीनुसार देशात तीन वर्षांखालच्या १०० मुलांपैकी ४२ मुलांनाच ते त्या तासात मिळालेलं होतं. कमी वजनाच्या बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगानं धरून ठेवणं, म्हणजे कांगारू पद्धत, याला काडीचा खर्च नाही. पण त्यासाठी आईला बसायला खुर्ची, आडोसा आणि तिच्या जागी घर सांभाळणारं कुणीतरी लागतं. त्यापुढच्या आजारी बाळांसाठी नवजात अतिदक्षता कक्ष असतो.

अशाच एका कक्षाबद्दल लिहिल्याशिवाय या भागातल्या नवजात बाळांविषयी लिहिता येणार नाही. ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात कक्षाला आग लागली. १७ बाळं होती. सात वाचवली गेली, दहा गेली. कक्षाचे दोन भाग होते: त्याच रुग्णालयात जन्मलेली बाळं एका भागात, बाहेर जन्मून इथं आणलेली दुसऱ्या भागात. आग लागली ती बाहेरून आणलेल्यांच्या भागात. म्हणजे जी दहा बाळं गेली, ती खेड्यातल्या केंद्रांतून, दुसऱ्या दवाखान्यांतून ‘भंडाऱ्याला न्या’ हे वाक्य ऐकून आलेली होती. त्यांच्या आईबापांनी सांगितलं ते सगळं केलं होतं. जिल्हा शल्यचिकित्सक निलंबित झाले, करारावरच्या परिचारिकांची सेवा संपवली गेली. पण तो कक्ष ज्या यंत्रणेच्या भरवशावर चालत होता, तिची वायरिंग, तिची अग्निसुरक्षा, रात्रपाळीला किती बाळांमागे किती परिचारिका याचा हिशेब, हे निलंबित करता येत नाही. ते दुरुस्तच करावं लागतं. गोंदिया भंडाऱ्याचंच लेकरू. इथल्या प्रत्येक नवजात कक्षात त्या दहा बाळांची आठवण म्हणून अग्निसुरक्षेच्या तपासणीची ताजी तारीख दारावर लावलेली असावी.

दर्जा म्हटलं की महागडं काहीतरी हवं, ही समजूत खरी नाही. बाळंतपणात वाढलेल्या रक्तदाबावर शिरेतून द्यायच्या औषधांऐवजी तोंडानं घ्यायच्या स्वस्त गोळ्या चालतात का, याचा अभ्यास नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि डागा स्मृती रुग्णालयात ८९४ बायांवर झाला आणि २०१९ मध्ये जगापुढं आला. निफेडिपिन, लॅबेटॅलॉल, मिथाइलडोपा, तिन्ही गोळ्यांनी बहुतेक बायांचा रक्तदाब ताब्यात आला. म्हणजे पीएचसीतल्या नर्सच्या कपाटात मावणारं हे औषध आहे, आणि त्याचा पुरावा गोंदियापासून दीडशे किलोमीटरच्या आत तयार झाला. दुसरं, २०२३ मध्ये आफ्रिकेतल्या चार देशांत, ८० रुग्णालयांत झालेला प्रयोग. बाळंतिणीखाली मोजखुणा असलेली प्लास्टिकची पिशवी लावायची, रक्त डोळ्यांनी अजमावायचं नाही, मोजायचं, आणि ठरावीक खूण ओलांडताच सगळे उपचार एकदम सुरू करायचे. गंभीर रक्तस्राव, त्यापायी होणारी शस्त्रक्रिया आणि मृत्यू हे सगळं मिळून ६० टक्क्यांनी घटलं. तिसरं, ऑक्सिटोसिन. रक्तस्राव रोखणारं हे इंजेक्शन दोन ते आठ अंश तापमानात ठेवावं लागतं. गोंदियाचा मे महिना आणि तासन्‌तास जाणारी वीज लक्षात घेतली, तर प्रसूतीकक्षातला फ्रिज हेसुद्धा जीवरक्षक उपकरण आहे. तो लसींच्या फ्रिजइतक्याच काटेकोरपणे तपासला पाहिजे.

आणि वागणूक. प्रसूतीच्या टेबलावर बाईला दरडावणं, ‘तेव्हा नाही वाटलं का काही’ असले शब्द बोलणं, हे अजून संपलेलं नाही. कुठल्याही गावातल्या चार बाळंतिणींना विचारा. गोंदियात गोंडी, पोवारी, छत्तीसगढी, हिंदी आणि झाडीबोली बोलणाऱ्या बाया येतात. कळांच्या भरात माणूस आईच्या भाषेत ओरडतं. ती भाषा खोलीतल्या एकालाही येत नसली, तर बाई एकटी पडते. प्रसूतीच्या वेळी नात्यातली एक बाई सोबत असू द्यावी, असे निर्देश केंद्र सरकारनं २०१६ मध्येच दिले. प्रसूतीकक्षांचा दर्जा सुधारण्यासाठीच्या, २०१७ पासूनच्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमातही ते आहेत. अशी सोबत मिळालेल्या बाईच्या कळांचा काळ कमी होतो, वेदनाशामकं कमी लागतात, सिझेरियनही कमी होतात, हे अभ्यासांनी दाखवलं आहे. मावशी किंवा सासू आत आली तर गर्दी होते, हे कारण मला पटत नाही. पडदा लावा, म्हणजे झालं.

शेवटी मोजणी. २००१ च्या सुमारास ‘सर्च’ आणि इतर संस्थांनी ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल काढला तेव्हा सरकारी नोंदीपेक्षा कितीतरी जास्त बालमृत्यू गावागावांत सापडले होते. आज नोंदी सुधारल्या आहेत, पण अजून एका ठिकाणी आकडा निसटतो. जन्मून काही मिनिटांत गेलेलं बाळ ‘उपजत मृत’ लिहिलं की तो नवजात मृत्यू राहत नाही. वाटेत, गाडीत, जिल्ह्याबाहेरच्या दवाखान्यात गेलेली बाई कुणाच्या खात्यात? माता मृत्यूचं अन्वेषण दर जिल्ह्यात होतं, समिती बसते. त्या बैठकीत पहिल्या रात्रीपासूनची सगळी वाट, प्रत्येक थांब्यावर गेलेली मिनिटं मांडली जावीत. नर्सला दोषी ठरवण्यासाठी नव्हे, पुढच्या बाईला तोच थांबा घ्यावा लागू नये म्हणून.

हा अंक गोंदिया, तिरोडा, आमगावच्या घरांत वाचला जाईल. रुग्ण कल्याण समितीवर तुमचे सरपंच, नगरसेवक, पंचायत समिती सदस्य बसतात.  येत्या बैठकीत आपल्या जवळच्या ग्रामीण रुग्णालयाला दोन गोष्टी लेखी विचारा: गेल्या तीन महिन्यांत रात्री किती सिझेरियन झाली, आणि किती बायांना पुढं पाठवताना आधी फोन करून सांगितलं. उत्तर मिळेपर्यंत पुढच्या बैठकीतही तेच विचारा. आणि तुमच्या घरी बाळंतीण असेल, तर तिसऱ्या दिवशी दारात आलेल्या आशाताईला थांबवू नका, बाळाचं वजन करू द्या.